दुसऱ्या भाकरीचं नवल

आमच्या घरात पहिली भाकरी भुकेची आणि दुसरी नवलाची असे. पहिली कुणालाही मिळायची. रुसलेल्याला, गणितात नापास झालेल्याला, अगदी नुकताच मार खाऊन बसलेल्यालासुद्धा. दुसरी हवी असेल तर मात्र जगातली एक नवलाची गोष्ट सांगावी लागायची, आणि ती आधी कधी सांगितलेली चालायची नाही. नियम पप्पांचा. ते सातवीनंतर शाळेबाहेर पडले होते. शाळेने जे द्यायचं राहून गेलं ते पोरांकडून रोज थोडं थोडं वसूल करायचं, असा त्यांचा बेत होता. आईला हा नियम मुळीच पसंत नव्हता. "अन्नाला कसली आलीय अट?" असं म्हणत ती भाकरी थापायची, आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद रिकाम्या डोक्याने जेवायला बसला की भाताखाली अर्धी भाकरी लपवून त्याच्या ताटात सरकवायची. पप्पांना ते दिसायचं. दिसूनही ते आमटीकडे बघत राहायचे.

घर अंबरनाथला, कारखान्यांच्या मागच्या बाजूच्या बैठ्या चाळीत. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन तसबिरी आणि त्यांच्या बरोबर खाली पप्पांची बसायची जागा. पप्पा एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर होते. पत्रा साच्यात ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून वजन धाडकन आपटलं की पत्र्याला हवा तो आकार मिळायचा. दिवसभर तेच. आई उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून जीन्सचे गठ्ठे आणायची. शिवून झालेल्या पँटींचे लोंबणारे धागे कापायचे आणि गठ्ठा परत नेऊन द्यायचा, हे तिचं काम. कच्च्या रंगाने तिच्या बोटांची टोकं कायम निळी असत. कितीही घासली तरी भाकरीच्या कडेला कधीतरी एखादा निळसर ठसा उमटायचाच, आणि तो ज्याच्या वाट्याला येईल त्याने कुरकुर करायची नाही, हा आईचा नियम.

घर आवाजांचं होतं. आईच्या कात्रीची कचकच, शेजारच्या टीव्हीवरची रडकी मालिका, तव्यावर सुकट भाजताना उठणारी चुरचुर, आणि कंपन्यांचे भोंगे. प्रत्येक भोंग्याचा सूर वेगळा, त्यामुळे कोणाचा बाप सुटला ते आम्हा पोरांना घरबसल्या कळायचं. पप्पांच्या कंपनीचा भोंगा जरा घोगरा होता. तो झाला की माझे कान दाराकडे लागायचे. मी जन्माचीच काळजीखोर. आमच्या चाळीत प्रेसवर काम करून बोटं गमावलेली माणसं होती. विहारात वंदनेला हात जोडले की कुणाचं काय गेलंय ते दिसायचं, आणि माझं अर्धं लक्ष तिकडेच असायचं. पप्पांच्या सायकलचं स्टँड दारात खाडकन वाजेपर्यंत माझ्या जिवात जीव नसे. ते आत आले की मी आधी त्यांचे हात बघायची आणि मग तोंड.

माझं पहिलं नवल मी पहिलीत असताना सांगितलं. पुढचे दात पडलेले होते, त्यामुळे 'स'चा 'थ' व्हायचा. "पप्पा, मध कधीच थडत नाही," असं मी म्हणाले म्हणे, आणि पप्पांनी मला उचलून तसबिरींच्या उंचीपर्यंत नेलं. त्यानंतर मी नवलांच्या मागेच लागले. विहारातल्या वाचनालयात कुणीतरी दान केलेला मुलांच्या ज्ञानकोशाचा एक सुटा खंड होता, तो मी पाठ केला. वडापावाचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकला नाही. पुढे मैत्रिणींच्या हातात मोबाईल आले, त्यांवर 'तुम्हाला माहीत आहे का' असे मेसेज फिरायचे, तेही मी उतरवून आणायची. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं, हे सांगितलं त्या दिवशी आई आपली बोटं पुढे करून म्हणाली, "मग मी पण त्यातलीच!" फुलपाखराला चव पायाने कळते. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. जिराफाच्या एवढ्या लांब मानेत हाडं आपल्याइतकीच. जगात झाडं यायच्या आधीपासून शार्क मासे आहेत. हे शेवटचं ऐकून मिलिंदने घास खाली ठेवला होता.

पण सांगितलं आणि भाकरी मिळाली, इतकं सोपं नव्हतं. पप्पा विचारायचे, "पुरावा?" विहारात भन्तेजी नेहमी सांगायचे, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, ऐकलं म्हणून मानू नका, पारखून घ्या. पप्पांनी ते अगदी जेवणाच्या ताटापर्यंत आणलं होतं. चीनची भिंत चंद्रावरून दिसते असं मी एकदा ऐटीत सांगितलं, तर म्हणाले, "ढग आले की इथून मलंगगड दिसत नाही. चंद्रावरून भिंत कशी दिसेल गं?" त्या रात्री मला एकाच भाकरीवर उठावं लागलं. पुढे कॉलेजात कळलं की पप्पांचंच बरोबर होतं. हल्ली माझी मुलगी मोबाईलला विचारते आणि तो सांगेल ते खरं मानून मोकळी होते. मी सवयीने "पुरावा?" म्हणते, तर ती मोबाईलच माझ्यापुढे धरते.

मी अकरावीला उल्हासनगरच्या कॉलेजात जायला लागले, साधारण त्याच सुमाराला पप्पांनी पुरावा मागणं सोडलं. कधी सोडलं ते नेमकं सांगता येणार नाही, कारण न विचारलेला प्रश्न चटकन लक्षात येत नाही. मी नवल सांगायची, मग आई भाकरी वाढता वाढता ते पुन्हा सांगायची, "ऐकलंत का, सुजाता काय म्हणते, कोळ्याला म्हणे आठ डोळे असतात," आणि मग पप्पा मान हलवून म्हणायचे, "काय सांगतेस!" बस, तेवढंच. मला आईचा राग यायचा. माझं नवल ती शिळं करून वाढते असं वाटायचं. आणि पप्पांचं वाईट वाटायचं. मी मोठी झाले म्हणून त्यांना माझं कौतुक उरलं नाही, की माझी नवलंच फिकी पडायला लागली? मी अधिक भारी, अधिक अचाट शोधून आणायला लागले. उत्तर तेच, "काय सांगतेस!" त्या वर्षांत आमच्या भागातल्या एकेक कंपनीला कुलूप लागत होतं, कालचा भोंगा आज वाजायचा नाही. म्हणून मग मी दुसरी काळजी धरली. पप्पांची कंपनी बंद पडणार असेल, ते आमच्यापासून लपवत असतील, म्हणून लक्ष नसेल. काळजी करणाऱ्याला कारण मिळायला कितीसा वेळ लागतो? फक्त खरं कारण तेवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

ते आलं आई बदलापूरला गेली तेव्हा. मावशीचं ऑपरेशन होतं, म्हणून आई थोडे दिवस तिच्याकडे राहायला गेली आणि घर माझ्याकडे आलं. माझ्या भाकऱ्यांना कोपरे असायचे. पप्पा त्या मुकाट्याने खायचे. पहिल्याच दिवशी मी जेवताना म्हटलं, "पप्पा, आमटीत मीठ जास्त झालंय का?" तर ते म्हणाले, "काय सांगतेस!" मिलिंद फिस्सकन हसला. मला वाटलं चेष्टा करतायत. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मिलिंदची फी भरायची आहे, उद्या शेवटची तारीख," तर पुन्हा तीच मान आणि तेच शब्द, आणि वर माझ्या ताटात दुसरी भाकरी. आता मात्र ही चेष्टा वाटेना. तरी मन मानेना. मी पारखायचं ठरवलं, त्यांनीच शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर अगदी रोजच्या सुरात, ताटातून मान वर न करता मी म्हणाले, "पप्पा, चंद्रावर उंट सापडले."

"काय सांगतेस!" पप्पा म्हणाले.

मिलिंद खो खो हसत सुटला. त्याला हसताना बघून पप्पाही हसले, कशाला हसतोय ते न कळता, उगाच, माझ्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत. इतका खंबीर माणूस आपल्याच घरात परक्या गावातल्या पाहुण्यासारखा हसत होता. मिलिंदचं हसणं मध्येच थांबलं. त्यालाही कळलं. आम्ही दोघांनी जेवण उरकलं, आणि मी मोरीत भांडी घासताना नळ मोठा सोडून रडून घेतलं. मग लक्षात आलं की नळ सोडायची काही गरज नव्हती.

त्यानंतरचे दिवस मी त्यांच्या मागून फिरत काढले. ते पाठमोरे दाढी करत असताना हळूच हाक मारायची. वळायचे नाहीत. जरा जोराने मारायची. तरी नाही. मिलिंदने त्याच्या फुटलेल्या घोगऱ्या आवाजात हाक मारली तर मात्र कधीकधी वळायचे. म्हणजे जाड आवाज थोडेफार पोचत होते. आईचे, माझे, कात्रीचे, सुकटीचे गेले होते. सायकलचं स्टँड आपण किती जोरात आपटतो हे त्यांना ठाऊकच नसणार, म्हणून तर ते तसं खाडकन वाजायचं. ज्या आवाजावर माझा जीव भांड्यात पडायचा तो आवाज हेच सांगत होता आणि मी वर्षानुवर्षं तो सुखाने ऐकत होते. दिवसभर कॉलेजात माझ्या डोळ्यांपुढे एकच, प्रेस आणि पप्पांचे हात. मागून कुणी ओरडलं, तर?

शेवटी राहवेना, तेव्हा एका दुपारी डबा विसरल्याचं निमित्त करून मी कंपनीच्या गेटवर गेले. डबा मीच सकाळी पिशवीतून काढून ठेवला होता. गेटवर म्हात्रे मामा आले. हे पप्पांच्याच मशीनवर दुसऱ्या बाजूला उभे राहायचे. कुळगावचे, आगरी, आवाज असा की गावजेवणाला हाकारा द्यायला वेगळा माणूस लागू नये. त्यांनी डबा घेतला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "काय गो बाय, तोंड असा का केलंस? घरी ठीक हाय ना समदा?"

"मामा, पप्पांना ऐकू येत नाही." मी इतकंच म्हणाले आणि गेटच्या गजाला धरून उभी राहिले.

मामांनी मागे वळून वॉचमनकडे बघितलं, मग मला बाजूला घेतलं. "हलू बोल. मना ठाव हाय. लय दिस झाले. हे बघ, तुजा बापूस पुढून पेडल मारतो, मी मागून माल काढतो. माजा हात साच्यातून बाहेर आला का मी वरडायचा, तवा त्यानं पेडल मारायचा, अशी रीत. पन त्याला वरडलेला धड येत नाय, दुसरा कसला आवाज पन माजाच समजून पेडल मारल. म्हनून मी वरडत नाय. हात वर करून दावतो. त्यो बघतो, मंग मारतो. इतकी वर्सां माजे नखाला पन लागला नाय. तुजा बापूस लय सांभालून काम करतो, बाय."

माझ्या जिवात जरा जीव आला. म्हणजे धोका पप्पांच्या हाताला नव्हता, मामांच्या हाताला होता, आणि मामांनी स्वतःच तो पत्करला होता. तेवढ्यात ते ओशाळून म्हणाले, "पन मी आता र्‍हात नाय. कुलगावची जमीन बिल्डरला दिली. पोरगा बोलतो, बाबा, बस झाला आता. दिवाली झाली का मी बंद."

"मग मागे कोण उभं राहणार?"

"नवा मानूस येल कोनतरी."

"त्याला सांगाल ना तुम्ही?"

"त्याला सांगला तर तो सायबाला सांगल. मंग तुजा बापूस घरी." मामांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "नाय सांगला, तर तो वरडल. समदेच वरडतात. कायतरी करा गो तुमी घरची मानसा. माजा तर त्याच्यापुढं बोलायचा जीव व्हत नाय."

दिवाळी तोंडावर होती. एरवी दिवाळी लवकर यावी असं वाटणारी मी, त्या वर्षी कंदील लटकलेले दिसले की मान खाली घालून चालायची. आई परत आली. ती आल्यावर नवलांचं पहिल्यासारखं झालं. मी सांगायची, आई समोर बसून सावकाश पुन्हा सांगायची, पप्पा मान हलवायचे. आता मला दिसत होतं की पप्पा माझ्याकडे बघतच नाहीत, आईच्या ओठांकडे बघतात. आईची जागाही त्यांच्या अगदी समोर, ट्यूबलाइटच्या खाली होती. मी इतकी वर्षं जिचा राग केला ती माझी नवलं उचलून त्यांच्यापर्यंत पोचवत होती.

तिच्याशी बोलायला घरात जागा नव्हती. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या चाळीत तर भिंतच अर्धी होती. म्हणून मी तिच्याबरोबर गठ्ठा पोचवायला निघाले. शेअर रिक्षात मांडीवर गठ्ठा घेऊन आम्ही कॅम्प तीनला उतरलो. त्या गल्लीत शिलाई मशीनची अशी घरघर असते की शेजारच्याचं बोलणंही कानाशी आल्याशिवाय कळत नाही. तिथे, कारखान्याच्या पायरीवर, मी आईला सगळं सांगितलं. उंट, गेट, मामा, दिवाळी.

आई अजिबात दचकली नाही. "मला काय आज कळलंय? त्यांनी वचन घेतलंय माझ्याकडून. पोरांना कळता कामा नये, बाहेर तर नाहीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, सुजा. कंपनीत कळलं तर नारळ देतील हातात. मिलिंदची दहावी, तुझं कॉलेज. जरा दम धर."

"आणि त्या नव्या माणसाचा हात गेला तर?"

तेवढ्यात आतून शेठचा माणूस एक पँट घेऊन आला. "भाभी, ये देखो, इसमें धागा रह गया. आपका तो कभी नहीं रहता." आईने ती पँट हातात घेतली, शिवणीतून लोंबणारा बोटभर धागा बघितला, आणि कात्रीसाठी पिशवीत हात घातला. धागा कापून तिने पँट परत दिली आणि पायरीवर बसली. "मी नाही बोलू शकत," ती म्हणाली. "वचन माझं आहे. तुझं नाही."

परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच होतं. बापाला जाऊन सांगायचं की तुमचं गुपित फुटलंय, हे कुठल्या तोंडाने? आमच्यात कधी उलट बोलायची पद्धत नव्हती. एकच गोष्ट अशी होती की जी मी त्यांना रोज न घाबरता सांगू शकत होते. कॉलेजच्या वाचनालयात मी दोन दिवस शोधलं आणि तिसऱ्या दिवशी मला हवं ते सापडलं. मामांच्या कामाचा शेवटचा आठवडा सुरू झाला होता.

त्या संध्याकाळी मेथीची भाजी होती आणि जवळा. मी आईच्या जागेवर जाऊन बसले, पप्पांच्या समोर. आईने तवा उतरवता उतरवता एकदा बघितलं आणि निमूट माझ्या जागेवर बसली. पप्पांनी सवयीने आईकडे बघितलं, ती तिथे नव्हती. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पप्पा, माझं नवल. इकडं बघा." मी एकेक शब्द सुटा सुटा करून म्हणाले. "सापाला बाहेर कान नसतात. गारुड्याच्या पुंगीचा सूर त्याला ऐकू येत नाही."

पप्पांचा घास हातातच राहिला. माझ्या ओठांवरून त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर आली आणि पुन्हा ओठांवर गेली. मला वाटलं आता ताट सारून उठतात. पण ते म्हणाले, "पुरावा?"

किती दिवसांनी तो शब्द ऐकला! "पुंगी वाजत ठेवली, पण हलवायची थांबवली, तर साप डोलायचा थांबतो. पुस्तकात आहे."

"मग डोलतो कसा?"

"बघून. पुंगीकडे बघत राहतो. लोकांना वाटतं, ऐकतोय."

"लोकांना वाटतं," पप्पा स्वतःशीच म्हणाले. "आणि गारुड्याला?"

"गारुड्याला माहीत असतं. तो कुणाला सांगत नाही." आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी इथपर्यंतच ठरवून आले होते, पण मग राहवलं नाही आणि उरलेलं भडाभडा बाहेर आलं. "पण म्हात्रे मामा चाललेत, पप्पा. नवा माणूस येईल. तो हात वर करणार नाही. तो ओरडेल."

हे इतक्या घाईने बोलले की त्यांना कळलं नसावं. त्यांनी आईकडे बघितलं. आईने तोंड पुन्हा त्यांच्याकडे वळवलं, डोळे पुसले आणि माझं वाक्य जसंच्या तसं, सावकाश, त्यांना पुन्हा सांगितलं. वचन होतं, पण नवल पोचवायचं कामही तिचंच होतं.

पप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"चंद्रावर उंट सापडले तेव्हापासून."

"चंद्रावर उंट सापडले?" पप्पांनी इतकं चमकून विचारलं की मिलिंदला हसू फुटलं, मग मला, मग आईला. काय झालं ते मिलिंदने त्यांना हातवारे करून सांगितलं, तेव्हा पप्पाही हसले. या वेळी कळून हसले. आणि मग त्यांनी आपला हात पुढे धरला. "माझा हात असता तर मी गप्प बसलो असतो," ते म्हणाले. "माझा हात माझा आहे. दुसऱ्याचा कसा घेऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. मी कॉलेजात बाकावर बसले होते, पण काय शिकवत होते देव जाणे. संध्याकाळी घोगरा भोंगा झाला आणि नंतर सायकलचं स्टँड वाजलं, तेव्हा मी दारातच होते. नारळ दिला नव्हता. प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकलं होतं. ओव्हरटाइम गेला, पगार उतरला, आणि जी माणसं काल 'भाऊ' म्हणायची ती तोंडावर 'बहिरा' म्हणायला लागली. आईने गठ्ठे वाढवले. रविवारचं मटण महिन्यावर गेलं. पप्पा घरी आल्यावर कात्री घेऊन आईच्या शेजारी बसायला लागले आणि त्यांचीही बोटं निळी झाली. सगळं निभावलं हे आता सांगायला सोपं आहे. तेव्हा प्रत्येक महिन्याच्या शेवटी मी उशीत तोंड घालून हिशेब करायची की आपण हे उकरून काढलं नसतं तर बरं झालं असतं का. पण मामांच्या जागी आलेल्या त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. तो कुठेतरी आपल्या दोन्ही हातांनी जेवत असेल. पुढे मी असंही वाचलं की साप अगदीच बहिरा नसतो, जमिनीतली थरथर आणि काही जाड आवाज त्याला पोचतात. हे मी पप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तेव्हाची भाकरी परत कर."

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. पॅकिंगला लागून थोडेच दिवस झाले होते. आता घरात लपवायचं काही उरलं नव्हतं, सगळे एकमेकांसमोर तोंड करून बोलायचो, मी तर आईच्या जागेवर कायमचीच बसायला लागले होते. त्या दिवशी जेवताना पप्पांनी पहिली भाकरी संपवली आणि ताट पुढे केलं. त्यांनी दुसरी कधीच मागितली नव्हती. पोरांनी मागायची आणि त्यांनी न्याय करायचा, अशीच आमची रीत होती. "आज माझं नवल," ते म्हणाले. आम्ही तिघं थांबलो.

"मला सुजाताचा आवाज ऐकू येतो. आत्तासुद्धा येतो. ती तोंड हलवते, मला शब्द दिसतात, आणि डोक्यात तिचा आवाज वाजतो. पण तो पहिलीतल्या सुजाचा वाजतो. हिचा हा मोठेपणीचा आवाज कसा आहे, मला माहीतच नाही. ही कॉलेजातलं काय काय सांगते, शुक्र, शार्क, आणि माझ्या डोक्यात ते सगळं दात पडलेली पोरगी सांगत असते."

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या आवाजात बोलणार होते? आईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. नियम नियमच, म्हणून शेवटी मिलिंदनेच त्याच्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "पुरावा?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. प्रेसवर आयुष्य घालवलेल्या त्या माणसाने मान वाकडी केली, आवाज बारीक केला, इतका बारीक की त्यांना स्वतःला तो ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि अगदी माझ्याच हेलात म्हणाले, "पप्पा, मध कधीच थडत नाही."

आईने तव्यावरची गरम भाकरी उचलली आणि त्यांच्या ताटात वाढली.